तांबडी गोटी, पांढरी गोटी

शाळेतल्या बायका मला अजून विचारतात, कुवेतला काय काय पाहिलंत? सोनं स्वस्त आहे का? टेपरेकॉर्डर आणलात का? तिथे म्हणे समुद्राचं पाणी गोड करून नळाला सोडतात, खरं का? मी हो ला हो करते आणि मुलांच्या वह्यांत डोकं घालते. मी तिथे हिंडायला गेलेच नव्हते. भावाला घरी आणायला गेले होते. पण माणूस डोळे मिटून तर प्रवास करत नाही ना! जे दिसलं, जे खाल्लं, जे कानावर पडलं, ते एकदाचं लिहून टाकते, म्हणजे रोज रोज उत्तरं द्यायला नकोत.

दत्ताराम माझा धाकटा भाऊ. आमचं गाव वेंगुर्ल्याजवळ, वडील देवळाचे गुरव. दत्तू आयटीआयमधून फिटर झाला आणि कुवेतला गेला. दोन-तीन नोकऱ्या बदलून शेवटी ज्या कंपनीत लागला, तिचं काम ऐकून मी तोंडावर पदर धरून हसले होते. ढगांतून बर्फ पाडायचा! अहो, कुवेतात डोंगर औषधालाही नाही आणि बर्फ म्हणाल तर सरबतात घालायचा तेवढाच. पण कंपनीचं फक्त वर्कशॉप कुवेतात होतं. काम चालायचं उत्तरेकडच्या एका डोंगराळ देशात, हिवाळा आला की. दत्तूने एका सुट्टीत मला ते समजावून दिलं. थंडीतले ढग डोंगराला येऊन थडकतात. कडाक्याची थंडी असूनही त्यांच्यातलं पाणी गोठत नाही, तसंच वाऱ्याबरोबर निघून जातं. म्हणून डोंगराच्या उतारावर गॅसच्या मोठ्या शेगड्या ठेवायच्या, त्यांत चांदीचा एक क्षार जाळायचा. धूर ढगात चढला की त्याच्या कणांभोवती पाणी गोठतं आणि बर्फ होऊन पडतं. तोच बर्फ उन्हाळ्यात वितळतो आणि खालच्या गावांना पाणी मिळतं.

"दूध तयारच असता गो ताये," तो म्हणाला होता, "आमी नुसता विरजण लावतंव."

त्याच्याच शब्दावर आमच्या वाडीतला महादेव त्या कंपनीत लागला. दोघे लहानपणापासूनचे, एकाच्या घरी जेवून दुसऱ्याच्या घरी झोपणारे. महादेवची बायको रजनी मिरजेकडची, कुवेतात नर्स. गेल्या डिसेंबरात वादळात शेगडी पेटवायला महादेव वर गेला आणि बर्फाखाली सापडला. बरोबरचा वाटाड्या परत आला, महादेव आला नाही. रजनीने त्याला पेटीत घालून गावी आणलं. काशीकाकीचा, त्याच्या आईचा, तो एकुलता एक. तिचा तो टाहो मी जन्मात विसरणार नाही. सगळी वाडी लोटली होती, पण दत्तू आला नाही. तेराव्यालाही आला नाही. त्याचं पत्र येणंही थांबलं.

परत ड्यूटीवर निघताना रजनी माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, तुम्ही या तिकडे. भाऊजी जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. असं चाललं तर तेही जातील. तुमचं ऐकतील ते. माझ्याकडेच उतरा."

स्वतःचा नवरा जाऊन महिना झाला नव्हता आणि ही बाई माझ्या भावाची काळजी करत होती. मी मार्चात निघाले. साल १९७८.

विमानतळ

माझी पहिली फजिती विमानतळावरच झाली. दत्तूला सोलकढी आवडते म्हणून मी आगळाची, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाची, बाटली नेली होती, कपड्यांत गुंडाळून. कस्टमच्या माणसाने ती वर काढली, उजेडाला धरली आणि त्याचा चेहराच बदलला. कुवेतात दारूबंदी, आणि हे लालभडक पाणी! तो अरबीत बोलतोय, मी मराठीत. मग मी हिंदीवर आले, "ये खट्टा है भाईसाहब, मच्छी के साथ खाने का." त्याने बूच काढून वास घेतला, एक थेंब जिभेवर ठेवला आणि असं तोंड केलं की बाजूचा शिपाई फिदीफिदी हसायला लागला. बाटली मला परत मिळाली. वर 'अम्मा, जाओ जाओ' अशी हिंदीही ऐकायला मिळाली.

बाहेर रजनी एकटीच उभी होती. दत्तू नव्हता. मला रागच आला. मी सात समुद्र ओलांडून येते आणि हा पठ्ठ्या विमानतळावर येत नाही! रजनी म्हणाली, "रागावू नका ताई. मी असले की ते येत नाहीत."

जाब्रिया

रजनीचं घर जाब्रियात. वस्ती तेव्हा नवीनच होत होती, अर्ध्या इमारतींना अजून बांबू लागलेले. दवाखाने जवळ म्हणून नर्सा, लॅबवाले, डॉक्टर असे आपले बरेच लोक तिथे राहतात. जिन्यात वरणाच्या फोडणीचा वास आला आणि मला बरं वाटलं. शेजारच्या दारातली छोटी मुलगी 'आज्जी, व्हेअर आर यू फ्रॉम?' म्हणाली. तिच्या आईने मागून दटावलं, "मराठीत विचार गं!" तशी ती लाजून पळाली.

रजनीने त्या दिवशी पापलेटाचं कालवण केलं होतं. पापलेटाला तिथे झुबेदी म्हणतात. मासा काय तो! आमच्या बंदरावरही इतका जाड मिळत नाही. पण घाटावरची पोर, मसाला शेंगदाण्याचा. महादेवने तिला आमच्याकडची मसाल्याची त्रिफळं घालायला शिकवलं होतं म्हणे, पण आता डब्यात त्रिफळं संपली होती आणि ती मागवायचं तिच्या मनात येत नव्हतं.

जेवताना तीच आपणहून सांगू लागली. कंपनीचा परदेशी साहेब शास्त्रज्ञ. त्याला खात्री करून घ्यायची होती, की बर्फ धुराने पडतो की आपला आपणच पडतो. म्हणून वादळ कितीही चांगलं असो, निम्म्या वेळा शेगड्या पेटवायच्याच नाहीत. कुठल्या वेळी पेटवायच्या ते गोटीने ठरवायचं. डब्यात तांबड्या आणि पांढऱ्या गोट्या. न बघता हात घालायचा, एक काढायची. तांबडी आली तर पेटवा, पांढरी आली तर गप्प बसा. आणि ज्याला ढगातलं काही कळत नाही त्यानेच काढायची, म्हणजे मन आड यायला नको. ते काम दत्तूचं.

"त्या दिवशी तांबडी निघाली," रजनी म्हणाली. "मी रोज हॉस्पिटलात बघते ना ताई, एकाच वॉर्डात एक वाचतो, एक जातो. कुणाच्या हातात असतं का ते? देवाने डब्यातून तांबडी काढली. एवढं म्हटलं की मला झोप लागते. नाहीतर मी वेडी झाले असते."

मी तिच्या ताटात भात वाढला. दुसरं काय करणार?

अर्दिया

दुसऱ्या दिवशी रजनीने मला टॅक्सीत बसवून दिलं. अर्दियाच्या गोदामांच्या भागात कंपनीचं वर्कशॉप आणि मागे कामगारांच्या खोल्या. एका खोलीत सहा खाटा, एक स्टोव्ह, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. सगळे आपले कोकणातलेच, गावाकडे बायकापोरं असून इथे सडेफटिंगासारखे राहणारे. एकाने माझ्यासाठी खुर्ची पुसली, दुसऱ्याने चहा टाकला, तिसऱ्याने विचारलं, "बाई, यंदा आंब्याचा काय?" मी म्हटलं, मोहर बरा आहे. तेवढ्यावर सगळी खोली खूश.

दत्तू दारात आला आणि मला ओळखूच येईना. गालफडं बसलेली, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर. मी ठरवून गेले होते की आधी चार शब्द सुनवायचे. ते विसरून मी त्याचा दंड चाचपून बघितला.

"ताये, तू कित्याक इलंस?"

"तुका न्हेवक."

"माका घराक येवचा नाय."

मला तो वर्कशॉपात घेऊन गेला, बहुधा खोलीतल्यांसमोर बोलायला नको म्हणून. डोंगरातून परत आलेल्या शेगड्या ओळीने उभ्या होत्या. पुरुषभर उंचीचं नळकांडं, खाली गॅसची टाकी, बाजूला पिंप. यातली एकेक पेटवायला माणूस वादळात डोंगर चढून जातो, आणि हे सगळं वाळवंटातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बनतं, जिथे चढायला वाळूचा ढीग तेवढा. दत्तू एका शेगडीवरची वाळू फडक्याने पुसत राहिला. मी बोलले, ओरडले, शेवटी रडले. तो पुसतच राहिला.

जहरा

शुक्रवारी सुट्टी. रजनीने हट्टाने बेत काढला, की ताईंना जहरा दाखवू, भाऊजींनाही घेऊ. शेजाऱ्यांची व्हॅन मिळाली. दत्तू आला, पण पुढे ड्रायव्हरजवळ बसला आणि एकदाही मागे वळला नाही.

जहरा पश्चिमेला. तिथून पुढे नुसतं वाळवंट. पण त्या दिवसांत त्यावर हिरवी लव आली होती, मधूनमधून पिवळी फुलं, आणि लोकांनी तंबू ठोकलेले. गारठा होता. कुवेतात शाल लागेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा पोतं पसरून काहीतरी विकत बसला होता. बघितलं तर मातीने माखलेले बटाट्याएवढे गोळे, वास थेट आमच्या अळंब्यांसारखा. त्याला फगा म्हणतात. वाळवंटात जमिनीखाली आपोआप होतो, पेरावा लागत नाही.

म्हातारा मला हिंदीत म्हणाला, "बम्बईवाली?"

मी म्हटलं, "नहीं, वेंगुर्ला."

त्याचे डोळे लकाकले. "रत्नागिरी, वेंगुर्ला, गोवा! मेरा बाप का जहाज था. खजूर लाता था, लकडी ले जाता था. वेंगुर्ला में बहुत अच्छा पानी, मीठा पानी." आणि पोत्यातला सगळ्यात मोठा गोळा त्याने माझ्या हातात ठेवला. पैसे घेईना. आमच्या विहिरीचं पाणी त्याच्या बापाच्या जहाजाने प्यायलं असेल म्हणून मला परदेशात भाजी फुकट! मला भरूनच आलं.

"ये कब निकलता है, चाचा?" रजनीने विचारलं.

"बादल गरजे, बारिश आए, तब. अल्ला देगा तो निकलेगा. आदमी क्या करेगा?"

रजनी आमच्याकडे वळली. "ऐकलंत ना भाऊजी? हेच मी म्हणते. तांबडी निघाली, त्याला माणूस काय करणार? तुम्ही उगाच जिवाला लावून घेता."

दत्तू ताडकन वळला आणि सरळ वाळवंटात चालायला लागला. रजनी गोंधळली. मी तिला म्हटलं, तू थांब, आणि पदर खोचून त्याच्या मागे गेले. वाळूत चप्पल रुतत होती. ती हातात घेतली. एका तंबूमागे तो उकिडवा बसला होता.

"पयली पांढरी निघाली ताये," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही.

"पयली पांढरी. मी परत हात घातलंय."

हे कुणा परक्याला समजणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीवर पाण्याने पाकळ्या चिकटवतो, देवापुढे प्रश्न ठेवतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पण नकार आला म्हणून कुणी घरी जात नाही. गुरव परत गाऱ्हाणं घालतो, की बा महाराजा, पोराबाळांची चूक पोटात घाल, आणि उजवा दे. लोक मागून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. पुन्हा पाकळी लावतात. पुन्हा डावा आला तर पुन्हा गाऱ्हाणं. यात फसवणूक आहे असं आमच्या मनालाही शिवत नाही. देव आईबापासारखा, एकदा नाही म्हणाला तर पायाला मिठी मारायची. दत्तू हे बघत देवळाच्या पायरीवर लहानाचा मोठा झाला.

त्या हिवाळ्यात डोंगराखालच्या गावात सगळ्या चांगल्या वादळांना पांढरीच निघाली होती. ज्या घरात दत्तू आणि महादेव राहत होते तिथली म्हातारी रोज आकाशाकडे बोट दाखवून हात जोडायची. गावाला वाटायचं, हे लोक बर्फ पाडू शकतात आणि मुद्दाम पाडत नाहीत. त्या दिवशी ढग भरून आले, रेडिओवर साहेबाने सांगितलं, काढ गोटी. दत्तूने काढली, पांढरी. आणि त्याने मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं, गोटी डब्यात टाकली, परत हात घातला. तांबडी. रेडिओवर 'रेड' म्हणाला. बाहेरच्या खोलीत महादेव बूट बांधून तयारच होता.

"साहेबाचो प्रयोग खोटो झालो तो झालो," दत्तू म्हणाला. "पण देवान पयल्यांदा नाय म्हटलेला. देवान नाय म्हटलेला गो."

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तंबूतून कुणाच्यातरी हसण्याचा आवाज येत होता.

पुन्हा जाब्रिया

मीच त्याला म्हटलं, रजनीला सांग. तो म्हणाला, तिका सांगून काय मेळतला? मी म्हटलं, तुझ्या घशाखाली घास उतरेल. खरं सांगते, मी तेव्हा रजनीचा विचार केलाच नाही. माझा भाऊ डोळ्यांदेखत वाळत होता आणि मला तो जिवंत हवा होता. दोन दिवस मी त्याचा पिच्छा पुरवला. तिसऱ्या दिवशी दुपारी, रजनीची रात्रपाळी होती म्हणून ती घरी असताना, तो आला.

तिने ताट वाढलं होतं. तो ताटाला न शिवता बोलला. खाली बघून, तुटक तुटक, पण सगळं. रजनी ऐकत होती. हातातला डाव तसाच.

मग म्हणाली, "ते बाहेर काय करत होते तेव्हा?"

"तो बूट बांधी होतो."

"गात होते का?"

"व्हय."

"गायचेच. बूट बांधताना नेहमी गायचे." तिने डाव आमटीत ठेवला. "भाऊजी, मी देवाला म्हणत होते, तू नेलास. त्याच्याशी काय भांडणार? म्हणून मी गप्प झाले. आता मी कुणी नेला म्हणू? रोज तुमचं तोंड दिसणार मला."

"रजनी," मी म्हटलं.

"ताई, तुम्ही नका बोलू. तुम्ही तुमच्या भावासाठी आलात." आवाज चढला नाही. नर्स लोकांना असं बोलता येतं. "जेवा तुम्ही. मी जरा पडते."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं ताटावरून उठलो. अर्दियाला परतताना एका इराणी बेकरीबाहेर टॅक्सी थांबली. दत्तूने गरम खुबूस घेतला, त्यांची ती मोठी तव्याएवढी रोटी, आणि टॅक्सीतच, कोरडा, हावऱ्यासारखा खाल्ला. मग अजून एक घेतला. कित्येक महिन्यांनी पोटभर खात होता. मला किती आनंद व्हायला हवा होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतरचे दिवस मी रजनीकडे काढले, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. ती मला चहा करून द्यायची, विचारपूस करायची, एका शब्दाने टोचलं नाही. पण पहाटे ड्यूटीवरून आली की झोपायची नाही. खुर्चीत बसून राहायची, युनिफॉर्मसकट. मी तिच्या पायाला तेल लावू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नको ताई. झोप यायची असली तर अशीही येते." ती येत नव्हती, हे आम्हा दोघींना दिसत होतं.

कंपनीच्या मंदूबने, म्हणजे कागदपत्रांसाठी कचेऱ्यांतून फिरणाऱ्या माणसाने, दत्तूचे कागद पटापट करून दिले. साहेबालाही दत्तूने सगळं सांगितलं. साहेब म्हणे डोकं धरून बसला, मग उठून त्याने दत्तूशी हात मिळवला. तो काय समजला, देव जाणे.

निघायच्या दिवशी रजनी विमानतळावर आली. मला वाटलं नव्हतं येईल. हातात एक गाठोडं, महादेवचे शर्ट, चांगले इस्त्री केलेले. दत्तूकडे न बघता तिने ते माझ्या हातात दिलं.

"सासूबाईंना द्या. वाडीत कुणाच्या अंगाला होतील. आणि ताई, त्यांना यातलं काही सांगू नका. त्यांचा मुलगा देवाने नेला. तेवढं त्यांच्याकडे राहू द्या."

मग ती दत्तूकडे वळली. "तुम्हाला सांगते आहे मी भाऊजी. जन्मभर."

दत्तूने मान हलवली.

गाव

वेंगुर्ल्याला एसटीतून उतरलो आणि घरीही न जाता थेट काशीकाकीकडे गेलो. ओटीवर नारळाची सोडणं वाळत घातली होती. काकीने शर्ट एकेक करून उलगडले, वास घेतला, परत घडी घातली. साबणाचा वास, दुसरं काही नाही. मग दत्तूला जवळ बसवलं. गोट्यांचं तिला रजनीने पेटी आणली तेव्हाच सांगितलं होतं.

"गोटी तुझ्याच हातान निघाली मा रे?"

"व्हय काकी."

"तांबडी?"

"तांबडी."

काकी त्याच्याकडे बघत राहिली. डोळ्यांत राग नव्हता, नुसती कळ होती.

"मगे परत गाऱ्हाणा घालून इचारूक होया होता रे झिला. तू गुरवाचो झील मा? एकदा डावो कौल पडलो म्हणान कोण गप रवता? माझ्या महादेवासाठी एकदा परत हात घालूक तुका सुचला नाय?"

मी दत्तूकडे बघितलं नाही. मला बघवलं नसतं.

"इसारलंय काकी," तो म्हणाला.

काकीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जावंदे," म्हणाली, "पोर तू. तुका तरी काय कळतला." आणि चहा ठेवायला आत गेली.